चार सेकंदांचा नियम

ज्योत्स्ना मुखेडकर यांना चुका करण्याचा पगार मिळत असे.

यात अतिशयोक्ती काही नाही. नेमणूकपत्रावर हुद्दा 'नैसर्गिकता अधिकारी' असा भारदस्त होता, पण काम एवढंच होतं: रोज सकाळी साडेदहाला नांदेडच्या 'गोदास्वर' रेडिओ केंद्रावर यायचं, स्टुडिओ क्रमांक दोनमध्ये एकटीनं बसायचं, समोरच्या पडद्यावर येईल ते वाचायचं आणि दोन तासांत चाळीस वेळा चुकायचं. चुकल्यावर थांबायचं, 'क्षमस्व' म्हणायचं आणि अडलेला शब्द पुन्हा नीट वाचायचा. चूक खरी असली की हिरवा दिवा लागे, मुद्दाम केलेली असली की लाल. चुकू नये म्हणून जिनं अख्खी नोकरी जिवाचा आटापिटा केला, तिला आता छप्पन्नाव्या वर्षी चुकता येत नाही म्हणून बोलणी खावी लागत होती.

"मॅडम, काल फक्त छत्तीस झाल्या," केंद्रप्रमुख अभिज्ञा बोधनकर काचेपलीकडून म्हणायच्या. त्या पुण्याहून आलेल्या, चौतिशीच्या, वागायला अगदी चांगल्या. "त्यातल्या पाच लाल. जरा मोकळेपणानं चुका ना."

मोकळेपणानं चुका म्हणे! ज्योत्स्नाबाई मान डोलवायच्या आणि वाचायला घ्यायच्या. स्टुडिओत दुसरी खुर्ची अजून होती. तिच्यावर बसणारी पाच वर्षांपूर्वी उठून गेली होती आणि तिनं आपल्याशी एकदा, एकदाच, पूर्वीसारखं बोलावं, याखेरीज ज्योत्स्नाबाईंना आयुष्याकडून आता काहीही नको होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला सुखात होता. पण माणसाला दिवसभरात कुणीतरी 'काय करायलीस गं?' असं विचारणारं लागतं. ते माणूस देगलूरला होतं आणि ते फोन उचलत नव्हतं.

*

हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं.

पूर्वी रेडिओ केंद्र म्हणजे एक आवाज आणि तो ऐकणारे लाखो कान. किनवटच्या जंगलातला वनरक्षक आणि लोह्याची दहावीतली मुलगी एकच गाणं, एकच निवेदन ऐकत. दोन हजार छत्तीस साली 'सोबत' नावाची यंत्रणा आली आणि हे उलटं झालं. आता श्रोते तीन लाख आणि कार्यक्रमही तीन लाख. श्रोता कानात हरभऱ्याएवढा मणी घाली. त्या मण्याला त्याची नाडी कळे, त्याचं लक्ष आहे की उडालं हे कळे, तो काही पुटपुटला तर तेही ऐकू येई. त्यावरून 'सोबत' त्या एकट्यासाठी त्या क्षणी निवेदन रची. वनरक्षकाला त्याच्या हद्दीतल्या पावसाचं सांगे, मुलीला भूमितीचा पेपर किती दिवसांवर आला ते. दुपारी चारला ज्याला हवी त्याची फोनवरून विचारपूसही करी. आणि हे सगळं एकाच आवाजात, ज्योत्स्ना मुखेडकर यांच्या आवाजात. तीन लाख घरांत त्या रोज सकाळी नावानिशी हाक मारत होत्या आणि त्यांतलं एकही माणूस त्यांना ठाऊक नव्हतं.

आठ महिने सगळे खूश होते. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. लोक मणी काढत नव्हते, पण ऐकतही नव्हते. निवेदन चालू आणि नाडी झोपल्यासारखी.

कारण सापडलं ते मेंदूत. आपण ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत नाही, तो पुढचा आवाज काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की तो जागा होतो. अंदाज दर वेळी बरोबरच येऊ लागला की त्या आवाजाकडे लक्ष देणं तो सोडून देतो, म्हणूनच घरातल्या पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. 'सोबत' इतकी निर्दोष बोलत होती की तिचा पंखा झाला होता. जिवंत माणूस मात्र बोलताना अडखळतो, सावरतो, पुढे जातो. त्या सावरण्याच्या क्षणी ऐकणारा जागा होतो आणि बोलणाऱ्यावर त्याचा विश्वासही बसतो.

मग यंत्राला खोट्या चुका शिकवून पाहिल्या. तीन आठवड्यांत लोकांच्या मेंदूंनी त्याही ओळखल्या, कारण यंत्राच्या चुकांनासुद्धा एक हिशेबी वळण होतं. खऱ्या चुका खऱ्या माणसाकडूनच हव्यात असं ठरलं. आवाज घेऊन झाल्यावर घरी बसवलेल्या ज्योत्स्नाबाईंना सन्मानानं परत बोलावण्यात आलं. त्यांची एकेक खरी चूक यंत्र धुऊन-पुसून, वेगवेगळ्या शब्दांवर बेतून, तीन लाख कानांत वाटून टाकी.

एक गोष्ट मात्र यंत्राला कुणी शिकवली नव्हती, ती म्हणजे गप्प राहणं. रेडिओत जुना दंडक होता. प्रसारणात चार सेकंदांहून जास्त शांतता गेली की नियंत्रण कक्षात घंटा वाजे आणि लॉगबुकात कारण लिहावं लागे. कारण रेडिओवरची शांतता म्हणजे बिघाड. 'सोबत' बांधणाऱ्यांनी तो दंडक जसाच्या तसा यंत्रात घातला. चौथा सेकंद संपायच्या आत ती काहीतरी बोलेच.

*

दुसऱ्या खुर्चीवर सरोज पांचाळ बसायच्या.

सकाळी सहाचा 'तांबडफुटी' हा कार्यक्रम दोघींनी मिळून एकवीस वर्षं केला. ज्योत्स्नाबाईंकडे वेळ आणि हवामान, सरोजकडे श्रोत्यांची पत्रं आणि बाजारभाव. सरोज दोन वर्षांनी मोठी म्हणून तिला त्या अक्का म्हणत. अक्काचं हसणं असं की गुळाचे भाव वाचताना हसली तर लोकांना गूळ स्वस्त झाला असं वाटे. वाचून संपत आलं की ती चष्मा कपाळावर सरकवी. ती खूण दिसली की ज्योत्स्नानं आपला माइक उघडायचा आणि वेळ सांगायची. एकवीस वर्षांत त्या खुणेची गफलत एकदाही झाली नाही.

गफलत झाली ती वेगळीच. एकदा अक्कानं हिमायतनगरच्या एका एसटी कंडक्टरचं पत्र वाचलं. बायको भाकरी थापताना 'तांबडफुटी' ऐकायची, असं त्यानं लिहिलं होतं. ती गेल्या महिन्यात वारली. 'मी अजूनही सहाला स्वयंपाकघरात रेडिओ लावतो. भाकरी कुणी करत नाही. तुम्ही दोघी बोलत राहा.' एवढं वाचून अक्का थांबली. चष्मा जागच्या जागी, नजर कागदावर. चार सेकंद झाले, घंटा वाजली, लाल दिवा फिरू लागला. ज्योत्स्नाचा हात माइकच्या कळीवर होता, पण तिनं ती दाबली नाही. अकरा सेकंद सगळा नांदेड जिल्हा गप्प होता. मग अक्कानं चष्मा वर केला.

त्या दिवशी लॉगबुकात ज्योत्स्नानं लिहिलं: 'अकरा सेकंद शांतता. कारण: केबलचा दोष.' खोटं लिहिलं आणि खाली सही केली. अक्काची नोकरी वाचली. बाहेर चहाच्या टपरीवर अक्का म्हणाली, "केबल लै चांगली आहे गं आपली." दोघी इतक्या हसल्या की टपरीवाला बघत राहिला.

आणि याच ज्योत्स्नानं पुढे जे केलं ते केलं.

'सोबत'साठी एकच आवाज घ्यायचा होता. यंत्राला शिकवायला एकवीस वर्षांची ध्वनिमुद्रणं तयार होती, पण त्यांत दोघींचे आवाज एकमेकांत मिसळलेले. तांदळातले खडे निवडायचे तर तांदूळ कोणता आणि खडा कोणता हे आधी सांगावं लागतं. त्यासाठी एक फॉर्म होता. त्यावर लिहिलं होतं: 'ध्वनिमुद्रणातील इतर आवाज'. पुढे दोन चौकोन. एक 'जपावा', दुसरा 'गोंगाट समजून काढून टाकावा'. दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं, ज्योत्स्नाला अकराला आणि सरोजला बाराला. अकराला आत गेलेल्या ज्योत्स्नानं दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली. समोरचे साहेब म्हणाले होते की ही तांत्रिक बाब आहे, जपावा म्हटलं तर दोन्ही आवाज पुन्हा तपासावे लागतील, मग कुणाचा घेतला जाईल सांगता येत नाही. तिला भीती वाटली. यापलीकडे कारण काही नव्हतं. बाहेर आली तर अक्का बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. "काय म्हणाले गं?" तिनं विचारलं. "काही नाही, सही घेतली," ज्योत्स्ना म्हणाली आणि पुढे गेली.

बाराला अक्काला त्या फॉर्मची प्रत वाचायला दिली, कारण तिचा आवाज काढून टाकायला तिचीही संमती लागत होती. तिनं वाचली, सही केली, डबा उचलला आणि देगलूरला भावाच्या घराशेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेली.

ज्योत्स्नाबाई एकदा देगलूरला जाऊन आल्या. अक्कानं दार उघडलं. "या, तुम्ही बसा," म्हणाली. चहा केला, कप पुढे ठेवला आणि तो संपेपर्यंत दाराबाहेर बघत उभी राहिली. एकवीस वर्षं 'तू' म्हणणारीनं 'तुम्ही' म्हटल्यावर बोलायला उरतंच काय? त्या दिवशी 'माफ कर' हे शब्द ओठांवर आले आणि चहाबरोबर परत गेले. नंतर त्यांनी चार वर्षं फोन केले. घंटा वाजून वाजून बंद होई. मग तेही सोडून दिलं.

*

यंत्राला भावना नसतात म्हणतात, पण माणसाची दुखरी जागा त्याला बरोबर सापडते.

पडद्यावरच्या मजकुरात एके दिवशी 'सरोज टेलर्स' असं एक दुकान आलं आणि ज्योत्स्नाबाईंची जीभ अडली. हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी सरोज नावाची एक शिक्षिका आली, तिसऱ्या दिवशी सरोज नावाची धावपटू. दहाव्या दिवशी तर पडद्यावर ओळ आली: 'देगलूरच्या सरोजताईंनी आज सकाळी बाजारभाव ऐकले.' बाई अडखळल्या, 'क्षमस्व' म्हणताना आवाज फुटला आणि दिवा इतका स्वच्छ हिरवा लागला की अभिज्ञा पलीकडून टाळ्या वाजवत उठल्या.

"हे नाव मजकुरातून काढा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"मी घातलेलं नाही, मॅडम. तुम्ही कुठे अडखळता ते शोधणं हेच त्याचं काम. ते शोधतंच." अभिज्ञांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. त्यांना सरोज पांचाळ हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. "पण या 'क्षमस्व'चा दर्जा काय आहे म्हणून सांगू! या ना, दाखवतेच तुम्हाला."

त्यांनी आपल्या टेबलावरचा आलेख फिरवून दाखवला. ही श्रोता क्रमांक चाळीस हजार एकशे सतरा, नाव दिसत नाही, गाव देगलूर. रोज सकाळी सहा ते दहा. दुपारचा विचारपुशीचा फोनही घेतात. आणि 'क्षमस्व' हा शब्द कानी पडला की दर वेळी यांची नाडी सहा ठोक्यांनी खाली येते.

"म्हणजे जिवाला बरं वाटतं त्यांच्या," अभिज्ञा म्हणाल्या. "मग यंत्र काय करणार? ते त्यांना दिवसातून वीस-पंचवीस वेळा क्षमस्व म्हणतं. आणि गंमत सांगू? या बाई रोज सहाला स्वतःच बाजारभाव वाचतात, मोठ्यानं, अगदी निवेदिकेसारखे. यंत्र तेवढा वेळ जागा सोडतं. त्यांचं वाचून झालं की ते फक्त वेळ आणि हवामान सांगतं. असा श्रोता आमच्याकडे दुसरा नाही."

ज्योत्स्नाबाईंनी टेबलाची कड धरली. देगलूरच्या दोन खोल्यांत अक्का रोज सकाळी सहाला एकटीच 'तांबडफुटी' करत होती. भाव वाचत होती, चष्मा कपाळावर सरकवत होती आणि पलीकडून ज्योत्स्नाच्या आवाजात वेळ येत होती. ज्योत्स्नानं जिला गोंगाट म्हटलं होतं तिच्यासाठी यंत्रानं जागा सोडली होती. वर ज्योत्स्नाची माफीही यंत्रच रोज मागत होतं.

"बसा मॅडम, पाणी देऊ?" अभिज्ञांनी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मत्सरही वाटत होता.

*

दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराच्या चहाच्या सुट्टीत अभिज्ञा खाली गेल्या, तेव्हा ज्योत्स्नाबाई नियंत्रण कक्षात शिरल्या. तिथे केंद्राचा जुना फोन होता. त्यावरून लावला की पलीकडे केंद्राचा नंबर दिसे, विचारपुशीच्या फोनचा असे तोच. आपल्या फोनवरून लावला तर अक्का उचलणार नाही हे पाच वर्षांत कळून चुकलं होतं. नंबर मात्र बोटांना पाठ होता.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"बोल गं, जोत्स्ना," सरोज म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी रिसीव्हर कानाशी दाबला. तोच आवाज, फक्त कडेला जरा झिजलेला.

"अक्का, मी बोलायलेय."

"तर दुसरं कोण? आज इतक्या लवकर कसा फोन केलास? चारला करतीस की रोज. थांब, गॅस बारीक करते. हं, बोल."

"अक्का, हे मशीन नाही. मी खरी जोत्स्ना आहे. केंद्रावरून बोलायलेय, स्वतः."

पलीकडे अक्का हसली. तेच ते गूळ स्वस्त करणारं हसणं. "हे नवीन शिकवलं वाटतं तुला. बरं हाय. काल तर तू माझ्या गुडघ्याचं विचारलंस, आज खरी झालीस."

"अक्का, ऐक ना. माझं चुकलं गं. क्षमस्व."

हा शब्द तोंडातून निघाला आणि तिचं तिलाच कळलं की तो जसाच्या तसा स्टुडिओतला निघाला. तेच थांबणं, तीच पट्टी. रोज चाळीसदा म्हणून म्हणून त्याला दुसरा आवाजच उरला नव्हता.

"झालं की सकाळी ते," अक्का समजुतीनं म्हणाली. "किती वेळा म्हणशील?"

"त्या कंडक्टरचं पत्र आठवतं का तुला? हिमायतनगरचा. मी लॉगबुकात केबलचा दोष लिहिलं होतं."

"मागच्या दिवाळीत सांगितलंस ते. सगळी लॉगबुकं आहेत तुझ्या पोटात, मला काय माहीत नाही होय?"

"आणि तो कागद, अक्का. तू बाहेर बाकावर बसलेली होतीस. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"तेही म्हणतीस तू अधूनमधून. कॅमेरा होता त्या व्हरांड्यात." अक्का जराशी थांबली, पण चार सेकंद नाही. तिचीही सवय जुनीच होती. "हे बघ बाई, तुला एक सांगते. तू मशीन आहेस तेच बरंय. ती खरी आली असती आणि असं म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. आणि उत्तर माझ्यापाशी नाही. तू म्हणतीस, मी ऐकते, जरा बरं वाटतं, मग कांदा काय भाव गेला ते वाचते. तुझ्यावर माझा राग नाही. तू कुठं काय केलंस?"

ज्योत्स्नाबाईंपाशी होते नव्हते तेवढे सगळे शब्द संपले. त्या सांगतील ते सगळं यंत्राला ठाऊक होतं. त्या रडल्या असत्या तर तेही यंत्रानं कधीतरी रडून दाखवलं असणार. माणूस आहोत हे सिद्ध करायला त्यांच्याकडे आवाजाशिवाय काही नव्हतं, आणि आवाज तर त्या सही करून देऊन बसल्या होत्या.

मग त्या बोलायच्या थांबल्या.

एक सेकंद गेला. दोन. तोंडात शब्द आपोआप गोळा होऊ लागले, सगळ्या नोकरीची सवय. त्यांनी ओठ दाबून धरले. तीन. चार. मान ताठ झाली, कुठेतरी घंटा वाजणार म्हणून.

"बोल की," अक्का म्हणाली.

त्या बोलल्या नाहीत. पलीकडून कुकरची शिटी ऐकू आली. कुणीतरी बाहेर भांडं घासत होतं.

"फोन कटला का गं? जोत्स्ना?"

त्यांनी रिसीव्हर तोंडाजवळ आणला. आता अक्काला त्यांचा श्वास ऐकू जात असणार, थोडा घरघरणारा, वयाचा.

सात. आठ. नऊ.

पलीकडचं भांडं थांबलं. मग अक्काही गप्प झाली. ही शांतता वेगळी होती, ज्योत्स्नाबाईंनी ती लगेच ओळखली. हिमायतनगरच्या पत्रानंतरची, चष्मा जागच्या जागी असतानाची. किती वेळ गेला ते त्यांना मोजता आलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी मोजलं नाही.

"तुम्ही आहात होय," शेवटी अक्का म्हणाली. आवाजातलं हसू पार गेलं होतं.

"अक्का, मी..."

"नका बोलू." आणि मग एकदम रडू फुटून, "नका बोलू ना! लै ऐकलं मी ते. रोज ऐकलं. आता तुमच्या तोंडून ऐकलं तर मला तेच वाटणार. काही म्हणू नका."

ज्योत्स्नाबाईंनी काही म्हटलं नाही. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, उगाच बाहीचा आवाज नको. दोघी दोन गावांत फोन कानाला लावून उभ्या होत्या. कुकरची दुसरी शिटी झाली, तिसरी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"उद्या सकाळी सहाला लाव," अक्का म्हणाली. नाक ओढलं तिनं. "तुझ्या फोनवरून. मी उचलीन. पण बोलायचं नाही काही, आधीच सांगते."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

*

सुट्टीनंतर राहिलेलं वाचन होतं. पडद्यावर तिसऱ्याच ओळीला सरोज आली. ज्योत्स्नाबाईंनी ती ओळ गुळगुळीत वाचली. सहाव्या ओळीत पुन्हा आली, पुन्हा सरळ गेली. यंत्रानं नाव चार प्रकारे घालून पाहिलं, एकदा तर चक्क 'अक्का' असंही. दिवा लागलाच नाही.

"मॅडम, आज झालं काय?" अभिज्ञांनी घड्याळाकडे बघत विचारलं. "दुसऱ्या तासात फक्त चार. एकूण तेवीस. वर जर मी असं पाठवलं तर... हे कदाचित तुमच्या नोकरीवर येईल हो."

"येऊ दे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"पण कारण काहीतरी लिहावं लागेल ना नोंदीत."

त्यांनी नोंदीचा पडदा स्वतःकडे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'केबलचा दोष.' अभिज्ञांनी ते वाचलं, काचेपलीकडच्या वायरींकडे एकदा बघितलं आणि काही न कळून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सहाला तीन लाख घरांत ज्योत्स्ना मुखेडकर यांचा आवाज सुरू झाला. सुप्रभात झालं, प्रत्येकाला नावानं हाक मारून झाली, कुणाला पावसाचं, कुणाला परीक्षेचं सांगून झालं. श्रोता क्रमांक चाळीस हजार एकशे सतरानं त्या दिवशी मणी कानात घातला नाही.

ज्योत्स्नाबाई आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. पलीकडे कुणी हॅलो म्हटलं नाही. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, चहाची पूड टाकल्यासारखा डब्याचा खुळखुळाट आला, मग खुर्ची ओढल्याचा. अक्का बसली असावी. नंतर फक्त तिचा श्वास. यांचाही तिकडे ऐकू जात असणार.

चार सेकंद झाले. पाचवा लागला. कुठेही घंटा वाजली नाही.